गव्हाचा अंकुर, थंडी व साखर

गेल्या जानेवारींतील गोष्ट. सकाळचा पहिलाच तास होता. आमच्या वसतिगृहांतील दोन विद्यार्थी वाद घालीतच वर्गांत शिरले. एकाचें घर कोंकणांत, दापोलीच्या बाजूस. त्याच्या वडिलांनीं वायंगणी भाताचीं रोपें टाकिलीं होतीं. तीं पिंवळीं पडून खुंटलीं आहेत, असें घरचें पत्र त्याला आदल्या दिवशीं आलें होतें. दुसऱ्याचें घर नाशिक जिल्ह्यांत, निफाडजवळ. त्याचें म्हणणें, "थंडी पडली नाहीं तरच आमच्या घरीं काळजी, थंडी पडली कीं गव्हाला फुटवे भरपूर येतात." पहिला म्हणे, थंडी ही पिकाची वैरीण, दुसरा म्हणे, थंडी ही पिकाची माउली. शेवटीं दोघेही माझ्याकडे वळले.

"सर, भात काय आणि गहूं काय, दोन्ही गवताच्याच कुळांतलीं ना? मग एकच थंडी एकाला मारते आणि दुसऱ्याला तारते, हें कसें?"

मीं उत्तर न देतां उलट प्रश्न केला, "थंडींत रोपाची वाढ थांबते ती कशामुळें थांबते, असें तुम्हांस वाटतें?" कोंकणांतील मुलगा लगेच म्हणाला, "रोप उपाशी राहतें म्हणून. गारठ्यांत त्याला अन्न तयार करतां येत नसेल." वर्गांतील बहुतेकांना हें पटलें. विद्यार्थिदशेंत मलाही असेंच वाटत असे. परंतु हें उत्तर बहुतांशीं चुकीचें आहे. तें चुकीचें कसें ठरतें हें शोधूं लागलें असतां वनस्पतींच्या जीवनांतील एक फार सुंदर व्यवस्था आपल्या दृष्टीस पडते. त्या दिवशीं निघालेला विषय व त्यानंतर आम्हीं वर्गांत केलेला प्रयोग येथें देत आहें. ज्या पालकांचा पोटापाण्याचा संबंध शेतीशीं आहे, त्यांनींही तो वाचावा अशी इच्छा आहे.

दाण्यांतील शिदोरी

प्रथम अंकुराचें अन्न कोठें असतें तें पाहूं. कुरडया करावयाच्या असल्या म्हणजे आपल्या घरांत गहूं दोन तीन दिवस भिजत घालतात, मग ते वाटून त्यांचा पांढराशुभ्र चीक काढतात. हा चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च. निसर्गानें तो आपल्या कुरडयांसाठीं सांठविलेला नसून दाण्याच्या एका टोंकाशीं निजलेल्या इवल्याशा गर्भासाठीं सांठविलेला असतो. गर्भाचें वजन सगळ्या दाण्याच्या शेंकडा दोन तीन भागच भरतें. पिठाचा सांठा मात्र शेंकडा ८० च्या आसपास असतो. आईनें प्रवासाला निघालेल्या मुलाच्या अंगापेक्षांही मोठें गांठोडें त्याच्याबरोबर बांधून द्यावें, तशांतलाच हा प्रकार.

पण ही शिदोरी कुलूपबंद असते. स्टार्च पाण्यांत विरघळत नाहीं, आणि जें विरघळत नाहीं तें पेशीपेशींतून वाहून नेतां येत नाहीं. दाणा भिजला म्हणजे गर्भ जागा होतो व जिबरेलिन नांवाचें एक द्रव्य बाहेर सोडतो. हें द्रव्य जणूं जासूदाचें काम करतें. कोंड्याच्या लगत आंतल्या अंगास पेशींचा एक जिवंत थर असतो. त्याला हा निरोप पोंचला कीं तो थर अमायलेज नांवाचें एन्झाइम तयार करूं लागतो. या एन्झाइमच्या योगानें स्टार्चचे लांब सांखळदंड तुटून त्यांची साखर होते. आपल्या लाळेंतही याच जातीचें एन्झाइम आहे. पोळीचा घांस बराच वेळ चावला तर गोड लागूं लागतो तो त्यामुळेंच. नाचणीला मोड आणून तिचें सत्त्व करितात, त्याला अंगची गोडी येते तीही याच कारणानें.

गर्भ व पीठ यांच्या मध्यें ढालीच्या आकाराचें एक पातळ पान असतें. तें ही विरघळलेली साखर शोषून घेतें, तिचें रूपांतर उसांत सांपडते त्याच साखरेंत, म्हणजे सुक्रोजमध्यें करतें, आणि मुळाकडे व कोंबाकडे पाठवितें. नवरात्रांत घटाभोंवतीं जें धान्य रुजत घालतात, त्याचे फिकट पिंवळे कोंब तुम्हीं पाहिले असतील. घरांतील अपुऱ्या उजेडांत त्यांना स्वतःचें अन्न फारसें करतां येत नाहीं, तरी ते वीतभर वाढतात. ते वाढतात ते या शिदोरीवर. शिदोरी संपली कीं माना टाकतात.

चार बशांचा प्रयोग

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. थंडींत अंकुर थांबतो तो साखर न मिळाल्यामुळें कीं दुसऱ्या कांहीं कारणानें? याचा निर्णय करावयाचा तर साखर आणि थंडी या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या पाहिजेत. आम्हीं तें पुढील रीतीनें केलें.

रात्रभर भिजविलेले गव्हाचे दाणे घेऊन धारदार पात्यानें त्यांचे गर्भ पिठापासून हलकेच सोडवून घेतले. (हें काम मोठ्या मुलांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालींच करावें.) झांकणाच्या चार बशा घेऊन त्यांत टिपकागद घातले. दोन बशांत उकळून निवविलेलें साधें पाणी घातलें व दोहोंत तशाच उकळलेल्या १०० मिलिलिटर पाण्यांत २ ग्रॅम साखर विरघळवून तें पाणी घातलें. नंतर प्रत्येक जोडींतील एक बशी टेबलावर व एक बशी फ्रीजमध्यें खालच्या फळीवर, सुमारें ५ अंश सेल्सिअसवर ठेवली. बशा, कागद, पातें सर्व उकळत्या पाण्यानें धुवून घेणें अवश्य आहे; कारण साखर बुरशीलाही आवडते. आमच्या पहिल्या खेपेच्या बशा बुरशीनें गेल्या व सर्व पुन्हां करावें लागलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

टेबलावरील साध्या पाण्यांतले गर्भ थोडेसे वाढले व दोन तीन दिवसांनीं जागच्या जागीं थबकले. टेबलावरील साखरेच्या पाण्यांतले त्यांच्या पुष्कळ पुढें गेले. यांत आश्चर्य नाहीं. शिदोरी काढून घेतलेल्या प्रवाशाला दुसऱ्यानें जेवूं घातलें, तर तो चालेलच. खरी मौज फ्रीजमधील बशांत होती. आठ दिवसांनीं पाहिलें तर साध्या पाण्यांतले व साखरेच्या पाण्यांतले गर्भ जवळजवळ सारखेच होते. दोन्ही जेमतेम हललेले! मग त्या दोन्ही बशा आम्हीं टेबलावर आणून ठेविल्या. साखरेच्या बशींतले गर्भ झपाट्यानें वाढूं लागले. दुसऱ्या बशींतले मागें पडले.

याचा अर्थ काय? उबेंत वाढीला अडवून धरणारी गोष्ट साखरेची उणीव ही होती. थंडींत मात्र साखर पुढ्यांत असूनही ती कामीं येत नव्हती. ताट वाढलेलें होतें, पण हात गारठले होते. कोंकणांतील विद्यार्थी बराच वेळ बशीकडे पाहत राहिला व म्हणाला, "म्हणजे सर, आमचीं रोपें भुकेनें थांबलीं नाहींत तर!"

हात कां गारठतात?

सजीव पेशींतील प्रत्येक काम एन्झाइमांच्या हातून होतें, आणि उष्णता कमी झाली कीं त्यांचा वेग उतरतो. श्वसनाचेंच उदाहरण घ्या. साखर व प्राणवायु यांपासून शक्ति मिळविण्याची ही क्रिया साधारणपणें दर १० अंशांच्या उतारास निम्म्यावर येते. पण नवीन पेशी निर्माण करण्याचें व त्या ताणून लांब करण्याचें काम याहूनही लौकर बंद पडतें. हिरव्या पानाची साखर तयार करण्याची क्रिया गारठ्यांत मंदावते खरी, तथापि वाढ जवळजवळ थांबल्यावरही ती कांहीं प्रमाणांत चालूच राहते. मिळकत थोडी घटली व खर्च त्याहून पुष्कळ घटला म्हणजे घरांत शिल्लक पडते. तद्वत् थंडींतील गव्हाच्या पानांत साखर सांठत जाते. भुकेल्या रोपांत असें कधींच झालें नसतें.

गवताच्या कुळांतील रोपांची वाढ कोठें होते, हेंही ध्यानांत ठेवा. पानाचें टोंक हा त्याचा सर्वांत जुना भाग. नवीन भाग तळाशीं, मातीलगत तयार होतो. गाईनें गवत खाल्लें तरी तें पुन्हां वाढतें तें यामुळेंच. म्हणून पानाच्या शेंड्याला ऊन लागलें तरी तळाशीं माती किंवा पाणी गार असेल, तर वाढ थंडीच्याच हुकमानें चालते. पुढें आपल्याला या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

दुसरें कारण पेशींच्या पडद्यांत आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा एक अतिशय पातळ पडदा असतो. हिंवाळ्यांत खोबरेल तेल बाटलींत थिजतें, पण करडईचें तेल पातळच राहतें, हें सर्वांस ठाऊक आहे. दोन्ही तेलेंच, परंतु त्यांच्या घडणींत फरक आहे. गहूं थंडीची चाहूल लागतांच आपल्या पडद्यांतील स्निग्ध द्रव्यें करडईच्या तेलासारखीं, न थिजणाऱ्या जातीचीं करूं लागतो. उष्ण प्रदेशांत वाढलेल्या भाताला ही कला फारशी साधत नाहीं. त्याचे पडदे ताठरतात, कामें अडतात. १० ते १२ अंशांच्या खालीं भाताचें बीं रुजतही नाहीं. गहूं मात्र ४ अंशांच्या सुमारासही, सावकाश कां होईना, रुजतो. शिवाय गारठलेल्या पानावर सकाळचें लख्ख ऊन पडलें म्हणजे आणखी एक संकट येतें. प्रकाशाची शक्ति येत राहते, पण ती वापरणारें काम बंद असतें. ती अतिरिक्त शक्ति पानालाच इजा करते. नवें हरितद्रव्यही नीट तयार होत नाहीं. रोप पिंवळें पडतें तें असें.

शिल्लक साखरेचा विनियोग

उधळ्या मनुष्याच्या हातीं आलेली शिल्लक वायां जाते, शहाण्याच्या हातीं ती अडचणींत उपयोगी पडते. भात व गहूं यांच्यांतील दुसरा भेद हाच आहे. गहूं, सातू व राय हीं धान्यें थंडींत सांठलेल्या साखरेपासून फ्रुक्टान नांवाचें एक विरघळणारें द्रव्य बनवितात व पेशींच्या कोठींत भरून ठेवितात. तें तयार करणारीं एन्झाइमें गारठ्यांतही बरें काम देतात. भात व मका यांच्यांत ही सोय नाहीं. रशिया, कॅनडा, उत्तर जपान अशा देशांत गव्हाचीं कोंवळीं रोपें महिनेच्या महिने बर्फाखालीं अंधारांत पडून असतात. त्या काळांत त्यांचा जीव या पुंजीवर तगतो, आणि बर्फ वितळल्यावर नवें पान फुटतें तेंही तिच्याच बळावर.

साखर दुसरेंही काम करते. साखरेच्या पाण्याचा गोठणबिंदु उतरतो, म्हणून रोप गोठत नाहीं, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. हें पुरतें खरें नाहीं. एक किलो पाण्यांत ३४२ ग्रॅम साखर विरघळविली, तरी गोठणबिंदु सुमारें १.९ अंशच खालीं जातो. आणि इतकी दाट साखर रोपांत क्वचितच असते. उलट कडक थंडींत मुरलेली राय शून्याखालीं २० अंशांतही जिवंत राहते. मग रहस्य कशांत आहे? बर्फ प्रथम पेशींच्या बाहेरच्या फटींत होतें व तें पेशींतील पाणी ओढून घेतें. पेशी मरते ती बहुधा या सुकण्यामुळें. तिचे पडदे आक्रसून एकमेकांस चिकटतात व फाटतात. साखर त्या पडद्यांच्या व प्रथिनांच्या सभोंवतीं राहून त्यांना सांवरून धरते. पाकांत मुरलेली आवळ्याची फोड सुकली तरी अखंड राहते, तसेंच कांहींसें हें आहे.

अर्थात् हें बळ एका रात्रींत येत नाहीं. तीच राय उबेंतून एकदम काढून कडक हिंवांत ठेविली, तर शून्याखालीं थोड्याच अंशांवर मरते. कांहीं आठवडे सौम्य थंडी व प्रकाश मिळाला पाहिजे. प्रकाश कशासाठीं? तर साखरेसाठीं. अंधारांत ठेवलेल्या गव्हाच्या रोपांना बाहेरून साखर पुरविली, तर त्यांनाही पुष्कळसा काटकपणा येतो.

थंडीची आठवण

थंडी व साखर यांच्या भागीदारीचा सर्वांत नवलाचा दाखला अजून सांगावयाचा आहे. हिंवाळी राय शरदऋतूंत पेरतात व तिला पुढील उन्हाळ्यांत ओंब्या येतात. तीच वसंतांत पेरली तर नुसती पानेंच वाढत राहतात. ओंबी येण्यास फारच विलंब लागतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह गास्नर यांनीं १९१८ मध्यें दाखवून दिलें कीं, रुजूं लागलेलें बीं १-२ अंशांच्या थंडींत कांहीं काळ ठेवून मग वसंतांत पेरलें, तर ओंब्या वेळेवर येतात. जणूं "हिंवाळा होऊन गेला" अशी आठवण अंकुरानें जपून ठेविली.

ही आठवण दाण्याचा कोणता भाग ठेवितो? लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत ग्रेगरी व ऑलिव्ह पर्व्हिस या दोन संशोधकांनीं १९३० नंतर अनेक वर्षें या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. त्यांनीं रायीचे गर्भ पिठापासून सोडविले व साखर घातलेल्या आगराच्या खळीवर थंडींत ठेविले. पीठ नसतांही त्या एकट्या गर्भांनीं थंडीची आठवण ठेविली. साखर दिली नाहीं तेव्हां मात्र परिणाम फारच दुबळा राहिला. आणि प्राणवायु काढून घेतला तेव्हां तर थंडी असूनही कांहीं घडलें नाहीं. यावरून उघड झालें कीं, थंडींत अंकुर निजलेला नसतो. वाढ थांबलेली दिसते, पण आंत साखर व प्राणवायु यांच्या आधारें एक मंद, जिवंत काम चाललेलें असतें. आमच्या बशींतला गर्भ आठ दिवस हलला नाहीं म्हणून तो रिकामा बसला होता, असें म्हणतां येणार नाहीं. (हें काम पुरें होण्यापूर्वींच ३५ अंशांसारखी उष्णता लागली तर ती आठवण पुसली जाते, हेंही त्यांनाच आढळलें.)

या ज्ञानाचा पुढें एके ठिकाणीं मोठा विपर्यास झाला. रशियांत १९२९ पासून लायसेन्को यांनीं थंडी दिलेल्या बियाण्याचा मोठा गाजावाजा केला, आणि थंडीउष्णतेच्या संस्कारानें हिंवाळी गव्हाची जातच कायमची पालटते व तो गुण पुढच्या पिढींत उतरतो, असें प्रतिपादन चालविलें. त्यास विरोध करणारे थोर शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० मध्यें अटक झाली व जानेवारी १९४३ मध्यें सारातोव्हच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. १९४८ मध्यें तर जनुकशास्त्र शिकविणेंच तेथें बंद पडलें. परंतु दाण्यानें कोणाची आज्ञा मानिली नाहीं. थंडी दिलेल्या रोपाच्या बियांना पुढील वर्षीं पुन्हां नव्यानें थंडी द्यावीच लागते. २००३ मध्यें गव्हांतील व्ही.आर.एन.१ हें जनुक ओळखण्यांत आलें. थंडीनें तें हळूहळू जागें होतें, आणि नव्या दाण्यांत तें पुन्हां निजलेलेंच असतें. विद्यार्थ्यांनो, खऱ्या गोष्टीला तिच्या मापापेक्षां मोठी करून सांगणें हेंही असत्यच, हा धडा यांतून घ्या.

पुन्हां त्या दोन मुलांकडे

आतां दोघांचा वाद मिटविणें कठीण नाहीं. निफाडच्या मुलाचें म्हणणें खरें, पण येथेंही माप सांभाळलें पाहिजे. आपल्याकडील गव्हाच्या जाती बहुधा वसंती गव्हाच्या आहेत. ओंबी येण्यासाठीं त्यांना रायीप्रमाणें कडक थंडीची आठवण लागत नाहीं. त्यांना थंडी हवी ती सवडीसाठीं. गार हवेंत गहूं सावकाश मोठा होतो, त्यामुळें फुटव्यांना व दाणा भरण्यास अधिक दिवस मिळतात, आणि गार रात्रींत श्वसनांत साखर कमी खर्च होते. पेरणी उशिरां झाली कीं दाणा भरण्याचे दिवस उन्हाच्या तडाख्यांत सांपडतात व तो बारीक राहतो. म्हणूनच बागायती गहूं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत पेरावा, असें कृषितज्ज्ञ सांगतात.

कोंकणांतील रोपांना खत अधिक घालून भागणार नाहीं, कारण तीं भुकेलेलीं नाहींत. त्यांना ऊब हवी. वाढीची जागा तळाशीं असते, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून रोपवाटिकेंत सायंकाळीं पाणी द्यावें व सकाळीं त्याचा निचरा करावा, असा सल्ला जाणते देतात. पाणी मातीहून व हवेहून सावकाश निवतें, त्यामुळें रात्रभर रोपाचा तळ त्या पांघरुणांत राहतो. सकाळीं गार झालेलें पाणी काढून टाकलें कीं वाफा उन्हानें लौकर तापतो.

त्या दिवशीं संध्याकाळीं अभ्यासाच्या वेळीं तो मुलगा कांहीं लिहीत बसलेला दिसला. जवळ जाऊन पाहिलें तर वडिलांना पत्र चाललें होतें. पहिलीच ओळ माझ्या नजरेस पडली: "बाबा, रोपें उपाशी नाहींत, गारठलीं आहेत." वर्गांत एवढा वेळ जें सांगितलें त्याचें सार त्यानें एका ओळींत उतरविलें होतें. मीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि पुढें गेलों.